गार बाजू

इंद्रजीतच्या हत्तीनं पाय उचलला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

हे आता रोजचंच झालं होतं. हत्ती कार्टूनमधला. गुलाबी, डोक्यावर फेटा, लहान मुलांच्या गाण्यावर नाचणारा. इंद्रजीतनं तो कॉम्प्युटरवर स्वतः बनवला होता, मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत शिकून. हत्ती बनवणं सोपं होतं. नाचवणं अवघड. कारण नाचातलं एकेक चित्र कॉम्प्युटरला स्वतः रंगवत बसावं लागतं, त्याला रेंडर म्हणतात, आणि त्या कामात मशीन तव्यासारखं तापतं. त्यात मे महिना. त्यात पडेगाव. त्यात वरचा मजला, स्लॅबखालची खोली. हत्तीनं उजवा पाय उचलला की आतून टक् असा आवाज यायचा आणि स्क्रीन काळी व्हायची.

मग पुढच्या खोलीतून अण्णांचा आवाज यायचा, "टेकवला का रं पाय?"

"नाय."

"अवघडलं असंल बिचारं."

अण्णा म्हणजे बन्सी औताडे, इंद्रजीतचे वडील. वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, आता रिटायर. त्यांना रेंडर कळत नव्हतं, पण पाय वर धरून उभं राहणं कळत होतं.

हत्तीवर बरंच काही अवलंबून होतं. पुण्यातल्या एका कार्टून कंपनीत मंदार नावाचे एक साहेब होते. त्यांनी इंद्रजीतला परीक्षा म्हणून एक पूर्ण गाणं करायला दिलं होतं. सोमवारी पाठवायचं. आवडलं तर नोकरी. आणि मंदार साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं होतं, तुझं मशीन दमदार असेल तर घरून काम कर, आमचं काही म्हणणं नाही. नसेल तर पुण्याला ये, इथं मशीनच मशीन आहेत.

इंद्रजीतला नोकरी पाहिजे होती आणि पुणं नको होतं. त्याची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मधे एकदा तो बहिणीकडं जालन्याला दोन रात्री राहिला, तेव्हा रोज फोन करून अण्णांना विचारायचा, जेवलात का. अण्णा सांगायचे, "जेवलो की. वरण, भात, भेंडी." परत येऊन बघतो तर कुकर त्यानं पालथा घातला होता तसाच पालथा. भेंडी फ्रीजमधे, जून झालेली. फक्त मुरमुऱ्याची पिशवी संपलेली. त्यानं विचारलं नाही, अण्णांनी सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्याचं मनात ठरलेलं होतं. अण्णांना एकटं ठेवायचं नाही.

अण्णांचं तोंडी म्हणणं उलटं होतं. "जा की पुण्याला. मी काय पाळण्यात हाय का?"

तर प्रश्न एवढाच होता, मशीन गार कसं ठेवायचं. इंद्रजीतनं कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी केली. टेबलफॅन लावला. आतली धूळ पेंटच्या ब्रशनं काढली. रात्री चालवून बघितलं, पण स्लॅब दिवसभर गिळलेलं ऊन रात्री ओकतो, आणि वरून लाइट जाते. नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती. मग एका दुपारी त्याला पेल्टियरचा व्हिडिओ सापडला.

पेल्टियर म्हणजे बिस्किटाएवढी पांढरी चौकोनी फरशी. दोन वायरी, एक लाल, एक काळी. करंट दिला की तिची एक बाजू बर्फासारखी गार होते आणि दुसरी बाजू चटका बसेल इतकी गरम. गार बाजू प्रोसेसरला चिकटवायची. गरम बाजूवर अॅल्युमिनियमचा मोठा ठोकळा आणि पंखा बसवायचा, म्हणजे उष्णता बाहेर जाते. व्हिडिओवाला कुठल्यातरी समुद्राकाठच्या गावचा होता. तो कळवळून सांगत होता की गार बाजूवर दव धरतं, पाणी सुटतं, म्हणून चारी बाजूंनी रबर लावा. इंद्रजीतला हसू आलं. पडेगावला मे महिन्यात दव. इथं वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. त्यानं तेवढा भाग बोटानं पुढं ढकलला.

फरशी आली. पण ती करंट पिणारी निघाली. कॉम्प्युटरच्याच पॉवरवर जोडली तर हत्ती दिसायच्या आत मशीन बसलं. मोबाईलच्या चार्जरवर जोडली तर प्यायचा राहून गेलेला चहा असतो तशी नुसती कोमट. हिला स्वतःचा वेगळा पॉवर सप्लाय लागणार होता. तयार घ्यायचा तर महाग. म्हणून इंद्रजीतनं ठरवलं, आपणच बनवू. व्हिडिओ होतेच.

शहागंजात जुन्या सामानाचं एक दुकान आहे, तिथले चाचा आयुष्यभर रेडिओच्या आतड्यांत बसलेले. इंद्रजीतनं सांगितलं, बारा व्होल्ट पाहिजे आणि करंट भरपूर. चाचांनी ढिगाऱ्यातून एक ट्रान्सफॉर्मर ओढून काढला. वरवंट्यासारखा जड. कुठल्यातरी बँजो पार्टीच्या अँप्लिफायरमधला होता.

"शादियाँ करा करा के थक गया है," चाचा म्हणाले, "लेकिन नक्को नहीं बोलता."

बाकीचं किरकोळ सामान पुडीत बांधताना त्यांनी विचारलं की हे सगळं कशाला. इंद्रजीतनं सांगितलं. चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. दुकानातला पंखा गरम हवा ढवळत होता.

"इत्ती गर्मी में कंप्यूटर कू ठंडा करते? पैले आदमी कू तो करो, मियाँ."

घरी येऊन इंद्रजीतनं जोडाजोड केली. ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढं डायोडचा ब्रिज, त्याच्यापुढं लोणच्याच्या बाटलीएवढा कपॅसिटर, फ्यूज. सगळं टेबलावर उघडं. अण्णा येऊन बघून गेले आणि म्हणाले की हे असं नागडं ठेवू नको, हात लागंल. कशात तरी बसव.

कशात बसवायचं? ट्रान्सफॉर्मर मावेल असं घरात एकच भांडं होतं. आईचा लाडवाचा डबा. स्टीलचा, गोल, दोन्ही हातांत मावणार नाही असा. झाकणाजवळ नाव कोरलेलं, सौ. केसर बन्सी औताडे. आई असताना त्या डब्याला कुणाला हात लावायची परवानगी नव्हती. लाडू तिनं काढून द्यायचे, झाकण तिनंच लावायचं, आणि झाकणाचा आवाज तिला न्हाणीघरातसुद्धा ऐकू जायचा. ती गेल्यापासून डबा वरच्या फळीवर रिकामा होता.

इंद्रजीतनं फळीकडं नुसतं बघितलं. अण्णांनीही बघितलं. मग अण्णाच स्टूल लावून चढले, डबा उतरवला, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला आणि टेबलावर ठेवला.

ड्रिल मशीन शेजारून आणली. भोक पाडताना डबा फिरू नये म्हणून अण्णांनी तो पोटाशी घट्ट धरला.

"नावातून नको पाडू," ते म्हणाले.

इंद्रजीतनं मागच्या बाजूनं भोकं पाडली.

सगळं आत बसवून त्यानं पिन लावली. डबा गुणगुणायला लागला. साधंसुधं नाही, बँजो पार्टीचा ट्रान्सफॉर्मर आणि वरून स्टीलचा डबा, खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल असा घुंऽऽ आवाज. थोड्या वेळानं जिन्यात धूर दिसायला लागला. खालच्या मजल्यावरच्या सत्यभामाकाकू एका घमेल्यात पेटलेली गोवरी घेऊन वर येत होत्या. त्यांचं म्हणणं होतं की भिंतीत मोहोळ बसलंय, त्यांना माहेरच्या शेतावरचा अनुभव आहे, धूर दिल्याशिवाय उठत नाही. इंद्रजीत त्यांना पॉवर सप्लाय म्हणजे काय हे सांगत होता आणि त्या घमेलं फिरवत होत्या. सांगून होईपर्यंत दोन्ही खोल्या भरल्या, अण्णा खोकत गॅलरीत गेले आणि कॉम्प्युटरच्या पंख्यानं होता नव्हता तेवढा धूर पोटात ओढून घेतला. परत ब्रशनं साफसफाई.

"मधमाश्या न्हाईत तर न्हाई," काकू जाताना म्हणाल्या. "डास तरी गेले."

संध्याकाळी अण्णांनी कौतुकानं डब्यावर हात ठेवला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. झटका बसलाच होता. बारीक, मुंगी चावल्यासारखा. इंद्रजीत घाबरून धावला. अण्णा स्वतःच्या बोटांकडं बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता.

"हात लावूच देईना बघ," ते म्हणाले. "आधी बी देत नव्हती."

इंद्रजीतला हसावं का काय ते कळेना. अण्णाच हसले, मग तो हसला, आणि दोघंही लवकर थांबले. अर्थिंगची वायर राहिली होती. ती त्यानं जोडली. मुंग्या गेल्या.

पुढची चूक फरशीची. ती उलटी बसली होती, म्हणजे गरम बाजू प्रोसेसरला आणि गार बाजू वरच्या ठोकळ्याला. हत्तीची नुसती सोंड आली आणि मशीन बसलं. नुसतं बसलं नाही, करपल्याचा वास सोडून बसलं. इंद्रजीतनं मशीन निवेपर्यंत देवाला नवस बोलून घेतला. मग लाल वायरच्या जागी काळी लावली, काळीच्या जागी लाल. फरशीचं असं असतं, वायरी बदलल्या की बाजू बदलतात. परत पिन लावली. बोट लावून बघितलं. गार. माठातल्या पाण्यासारखं नाही, कुल्फीसारखं गार.

हत्तीनं पाय उचलला. इंद्रजीतनं श्वास धरला. पुढच्या खोलीतून अण्णा उठून दारात येऊन उभे राहिले होते. चित्रामागून चित्र येत होतं. पाय थोडा खाली आला. अजून थोडा. टेकला.

"टेकवला," अण्णा म्हणाले आणि गेले. थोड्या वेळानं ते खाली जाऊन सत्यभामाकाकूंच्या हातावर साखर ठेवून आले. त्यांनी विचारलं कशाची, तर हत्तीची म्हणाले.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. घर गुणगुणत होतं, हत्ती नाचत होता. आणि एक गोष्ट झाली जी कुठल्याच व्हिडिओत नव्हती. चालून चालून डबा कोमट व्हायचा, आणि कोमट झाला की त्यातून वास यायचा. भाजलेलं बेसन, तूप, वेलदोडा. इतकी वर्षं स्टीलच्या कडेत, झाकणाच्या खाचेत जे काही बसलं होतं ते सुटत होतं. इंद्रजीतनं ते ओळखलं. अण्णांनी आपली खुर्ची पुढच्या खोलीतून आणून डब्याशेजारी ठेवली. कारण सांगितलं की तिकडं डास आहेत.

शनिवारी शेवटचं कडवं उरलं. दुपारी गरम बाजूवरचा पंखा कुरकुरायला लागला. तो बंद पडला तर सगळंच गेलं असतं, म्हणून जोडीला दुसरा पंखा आणायला इंद्रजीत शहागंजला निघाला. जाताना त्यानं अण्णांना खुर्चीत बसवून सांगितलं, वायरींना हात लावायचा नाही. स्क्रीन काळी झाली तर फोन करायचा.

"आन् बाकी?"

"बाकी काय नाय. मशीन गार राहिलं पाहिजे, एवढंच बघा."

अण्णांनी मान हलवली. त्यांनी आयुष्यभर शिफ्ट केली होती. कामावर सोडून गेलेला माणूस परत येईपर्यंत काम बिघडू द्यायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते थोडा वेळ बसले. मग वाटलं, गार आहे का नाही ते बघावं. कॉम्प्युटरची बाजू उघडीच होती. आत हात घातला की सगळ्यात आधी जे हाताला लागतं ते त्यांच्या हाताला लागलं. अॅल्युमिनियमचा ठोकळा. बोट भाजलं.

गार बाजू खाली होती, दिसत नव्हती. अण्णांना एकच बाजू माहीत होती, आणि ती पेटली होती.

त्यांनी इंद्रजीतला फोन लावला. इंद्रजीत गाडीवर होता, छावणीच्या पुढं कुठंतरी, रुमाल बांधून. परत लावला. मग अण्णांनी स्वतःच्या डोक्यानं काम करायचं ठरवलं. हे मशीन बंद पडलं म्हणजे गाणं गेलं, नोकरी गेली, नाहीतर पोरगं पुण्याला गेलं. तिन्हीतलं काहीच त्यांना नको होतं, तोंडानं काही म्हणत असले तरी.

घरात एक कूलर होता. पत्र्याचा, वाळ्याच्या जाळ्यांचा, अण्णांच्या कॉटच्या पायथ्याशी. मे महिन्यात अण्णा त्याच्यासमोरून हलत नसत. त्यांनी तो ओढायला सुरुवात केली. एक चाक तुटलेलं, त्यामुळं तो जमिनीवर ओरखडे काढत, कण्हत, उंबऱ्यावर अडकत, शेवटी इंद्रजीतच्या खोलीत आला. टाकीत पाणी तळाला होतं. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, पुढचं कधी येईल ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ड्रममधे प्यायचं तेवढं शिल्लक होतं. अण्णांनी ते कळशीनं काढून कूलरमधे ओतलं. सगळं. मग फ्रीजमधल्या बर्फाचे ट्रे पण उपडे केले. कूलरचं तोंड मशीनच्या उघड्या पोटाकडं केलं, बटण फुलवर ठेवलं, आणि स्वतः वाऱ्याच्या आड येऊ नये म्हणून बाजूला, स्क्रीनही दिसणार नाही अशा जागी भिंतीला टेकून, उकाड्यात बसून राहिले.

इकडं हत्तीचा नाच संपला. खरंच संपला. शेवटचं चित्र झालं, हत्तीनं सोंड वर करून नमस्कार केला, आणि काम संपलं म्हणून कॉम्प्युटर निवांत झाला. प्रोसेसरची उष्णता ओसरली. पण पॉवर सप्लाय वेगळा होता. डब्याला कुणी सांगितलं नाही की आता पुरे. बँजो पार्टीचा ट्रान्सफॉर्मर होता, नक्को म्हणणं त्याला माहीत नव्हतं. तो फरशीला गार करत राहिला, आणखी गार, आणखी गार, आणि समोरून वाळ्याचा ओला वारा घोंघावत येत राहिला.

पडेगावला मे महिन्यात दव पडलं. बिस्किटाएवढ्या जागेवर.

आधी धूसर वाफ धरली, मग मोहरीएवढे थेंब, मग थेंबाला थेंब मिळाला आणि घरंगळत खाली, प्रोसेसरच्या पिनांमधे. टक् असा आवाज झाला. पण हा नेहमीचा नव्हता.

इंद्रजीत जिना चढतानाच थबकला. गुणगुण होतीच, पण तिच्यावर आणखी एक घरघर होती. दारातून त्यानं कूलर बघितला. ओरखड्यांची रेघ बघितली, अण्णांच्या कॉटपासून इथपर्यंत. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, बोटावर टूथपेस्ट लावलेली.

"लई तापलं व्हतं," अण्णा म्हणाले. "फोन लावला तुला. मंग म्हणलं आपणच बघावं. आता हात लावून बघ, कसं गार पडलंय."

इंद्रजीतनं हात लावला. गार पडलं होतं. बोटं ओली झाली. स्क्रीन काळी होती. त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, काहीच झालं नाही. आत वाकून बघितलं तर पाण्याची एक बारीक रेघ बोर्डावरून खाली आली होती आणि तिच्या शेवटी काळा डाग होता.

त्याला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. व्हिडिओवाला आठवला. पुढं ढकललेला तेवढा भाग आठवला. अण्णांना त्यानं फक्त गार ठेवायला सांगितलं होतं, आणि अण्णांनी घरातलं प्यायचं पाणी ओतून गार ठेवलं होतं. त्यानं आधी कूलर बंद केला, मग डब्याची पिन काढली. खोली एकदम गप्प झाली.

"काय झालं रं?"

इंद्रजीतची अण्णांकडं पाठ होती. ती तशीच ठेवून तो म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर जळाला, अण्णा. जुनाच व्हता. बँजोवाल्याचा."

"जळाला?"

"व्हय. त्याच्या झटक्यात मशीन गेलं."

अण्णांनी कूलरकडं बघितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "कूलरनं काय झालं नाय ना?"

"कूलरनं काय व्हतंय. कूलर व्हता म्हणून तेवढा वेळ टिकलं."

अण्णांनी मान हलवली आणि बोटावरची टूथपेस्ट बनियनला पुसली.

हत्ती मात्र वाचला. इंद्रजीतनं मशीनमधली हार्ड डिस्क काढली आणि गुलमंडीजवळ सम्यककडं नेली. सम्यक त्याचा शाळेतला मित्र, फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. त्याच्या कॉम्प्युटरला रेंडर जमत नाही, नुसती फाईल उघडायला तो चहा पिऊन येतो, पण डिस्क जोडल्यावर नाच दिसला. सगळा. शेवटच्या नमस्कारापर्यंत. सोमवारी गाणं पुण्याला गेलं.

मंदार साहेबांना ते लई आवडलं. त्यांनी पायाचं विशेष कौतुक केलं. हत्ती पाय टेकवतो तेव्हा वजन जाणवतं, म्हणाले. मग त्यांनी मशीनचं विचारलं. इंद्रजीतनं सांगितलं की मशीन गेलं. साहेब खूश झाल्यासारखे बोलले.

"मग तर प्रश्नच मिटला. ये इकडं. एसी आहे इथं."

निघायच्या दिवशी अण्णांनी त्याची बॅग स्वतः भरली, कंपनीत खोकी भरायचे तशी, कोपऱ्यापासून, मधे जराही जागा न ठेवता. सत्यभामाकाकूंना सांगून झालं की दोन वेळा हाक मारत जा. काकू म्हणाल्या, मारते की, पण ते व्हय म्हणतील आणि येणार नाहीत. आणि तसंच असणार हे तिघांनाही माहीत होतं. डबा आणि फरशी इंद्रजीतनं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. जळालेल्या वस्तूचं काय करायचं असतं तसं.

पुण्याच्या ऑफिसात एवढं गार असायचं की इंद्रजीतनं पहिल्या पगाराच्या आधी स्वेटर घेतला. जून लागला तरी तिकडं पडेगावला आभाळ कोरडंच होतं. एका दुपारी त्यानं जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावला. अण्णांचा चेहरा आधी कपाळापुरता दिसला, मग हळूहळू खाली आला. घामानं चमकत होता.

"जेवलात का?"

"जेवलो की. वरण, भात, भेंडी."

इंद्रजीतनं हं केलं. मग अण्णांनी बातमी दिली. सत्यभामाकाकूंच्या नातवानं मोबाईलवर गुलाबी हत्ती बघितला, जेवताना तोच लागतो म्हणे आता. अण्णांनी त्याला सांगितलंय की हा हत्ती आमच्या घरचा आहे. पोरगं मानायला तयार नाही.

इंद्रजीत हसत होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की अण्णांच्या बोलण्यामागं काहीतरी सतत वाजतंय. बारीक. घुंऽऽ.

"आवाज कसला येतोय, अण्णा?"

अण्णांनी फोन फिरवला. स्टुलावर आईचा डबा होता. डब्याशेजारी अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याच्यावर पांढरी फरशी, आणि फरशीवर पाण्याचा स्टीलचा ग्लास.

"डबा मोकळा करून फळीवर ठेवावा म्हणलं," अण्णांचा आवाज आला. "तू म्हणला व्हतास ना, ट्रान्सफॉर्मर जळाला. म्हणलं टाकायच्या आधी एकदा पिन लावून बघावी."

डबा मजेत गुणगुणत होता. जळाल्याचं कुठलंच लक्षण नव्हतं. अण्णांनी पुढं काही विचारलं नाही. फोन त्यांच्या हातात जरासा हलला, आणि त्या हलण्यात मागची खोली दिसली. कॉट. कॉटच्या पायथ्याशी कूलर. कूलरचं तोंड भिंतीकडं केलेलं होतं आणि वरून जुनी चादर टाकलेली होती.

"कूलर लावा की, अण्णा. किती उकडतंय तिथं."

"पाणी कुठं येतंय नळाला."

खालून सत्यभामाकाकूंचा आवाज आला. टाकी भरून वाहतेय, मोटार कोण बंद करणार, असं त्या कुणालातरी ओरडून विचारत होत्या. पुण्यापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. दोघंही ऐकत राहिले, काकूंची मोटार बंद होईपर्यंत.

मग इंद्रजीतनं विचारलं, "त्याच्यावर तरी पाणी गार व्हतंय का?"

अण्णांनी ग्लास उचलला. सावकाश, थांबत थांबत, सगळा प्यायले. ओठ पुसले.

"बुडाला व्हतंय," ते म्हणाले. "वर तसंच राहतंय. शेवटचा घोट तेवढा गार लागतो."